दाहावर नैसर्गिक घटक: निवड, मात्रा आणि पडताळणी कशी करावी

वनस्पतीपासून मिळणारा एखादा घटक माणसाच्या शरीरातील दाह कमी करू शकतो का, याबद्दल वाद घालण्याचे आता कारण उरलेले नाही. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो वृक्षाच्या सालीची पूड तापाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि तिचा गुण रॉयल सोसायटीला पत्राने कळवला. १८२८ मध्ये योहान बुखनर यांनी त्या सालीतून सॅलिसिन वेगळे केले, १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन यांनी त्याच कुळातील ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात तयार केले आणि दोन वर्षांनी ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आले. ते शरीरात नेमके काय करते हे समजायला मात्र १९७१ साल उजाडावे लागले. दाह आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार होण्याची क्रियाच ॲस्पिरिन रोखते, हे जॉन व्हेन यांनी तेव्हा दाखवून दिले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या वाटचालीत त्या सालीचे काय झाले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. तिच्यातील कामाचा घटक शोधला गेला, त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरली, तो कोणाला चालत नाही हे कळले आणि जठरातून रक्तस्राव घडवण्याची त्याची खोडही उघड झाली. दाहावर नैसर्गिक घटक वापरू इच्छिणाऱ्याने हीच शिस्त लहान प्रमाणात स्वतःपुरती पाळावी, असे माझे मत आहे. गुण आला तर आला, अपाय तर होणारच नाही, या समजुतीने सुरू केलेला उपचार बहुधा दोन्हीकडून फसतो. मात्रा अपुरी असेल तर गुण येत नाही, आणि ती पुरेशी असेल तर अपायाकडे कोणाचेच लक्ष नसते.

आधी दाह कशाचा आहे ते ठरवावे

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली आणि आजही तीच शिकवली जातात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी ऊतींमध्ये उतरतात आणि दुरुस्तीला सुरुवात होते. मुरगळलेला घोटा पहिले काही दिवस सुजतो तो या दुरुस्तीमुळेच, आणि अशा सुजेसाठी अर्क आणि कॅप्सूल यांच्या मागे लागण्याची गरज नसते.

विचार करायचा तो आठवडे किंवा महिने टिकणाऱ्या दाहाचा. त्याची कारणे एकमेकांपासून फार वेगळी असतात. गाउटमध्ये यूरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात, झिजेच्या संधिवातात कूर्चेची झीज होते आणि दाह तिच्या जोडीने येतो, तर आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. एका कारणावर उपयोगी पडणारा घटक दुसऱ्यावर चालेलच असे नाही, म्हणून निदान न झालेल्या दुखण्यावर कोणताही घटक सुरू करू नये. एकच सांधा अचानक लाल, गरम आणि टम्म सुजला असेल आणि सोबत ताप असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो; अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण संसर्ग झालेला सांधा काही दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो. सकाळी उठल्यावर हातांचे लहान सांधे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेले राहत असतील आणि हे सहा आठवडे चालू असेल, तर आमवाताची तपासणी करून घ्यावी. या आजारात पहिले काही महिने मोलाचे असतात. त्या काळात मेथोट्रेक्सेटसारखे आजाराची गती बदलणारे औषध सुरू झाले तर हाडांची झीज बऱ्याच अंशी टळते. नैसर्गिक उपचारांनी झालेले मोठे नुकसान शोधायला गेले तर ते बहुतेकदा त्या घटकाच्या विषारीपणात सापडत नाही. त्याच्या भरवशावर घालवलेल्या महिन्यांत सापडते.

रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, हे दाहाचे सोयीचे माप आहे, परंतु ते साध्या सर्दी-तापानेही वाढते आणि झिजेच्या संधिवातात बहुधा फारसे वाढतच नाही. म्हणून एकाच अहवालावरून दाह आहे किंवा नाही असा निष्कर्ष काढू नये.

कोणत्या घटकाच्या पाठीशी किती पुरावा आहे

दाह कमी करणाऱ्या घटकांच्या याद्या लांबलचक असतात. त्यांतील बहुतेक नावे प्रयोगशाळेतील बशीत वाढवलेल्या पेशींवर झालेल्या प्रयोगांतून आलेली असतात. बशीतील पेशीला घटक थेट मिळतो. माणसाला मात्र तो गिळावा लागतो, मग तो आतड्यातून शोषला जावा लागतो आणि यकृताच्या तावडीतून सुटून सांध्यापर्यंत पोहोचावा लागतो. द्राक्षांतील रेझव्हेराट्रॉल आणि कांद्यातील क्वेर्सेटिन यांची कीर्ती बरीचशी बशीतली आहे, म्हणून त्यांच्यावर येथे अधिक शब्द खर्च करीत नाही.

हळदीतील करक्युमिनवर मात्र थांबणे भाग आहे, कारण सर्वाधिक अपेक्षा त्याच्याकडूनच ठेवली जाते. हळदीच्या पुडीत करक्युमिन आणि त्याची भावंडे मिळून साधारण ३ टक्के असतात. म्हणजे ३ ग्रॅम पुडीतून सुमारे ९० मिलिग्रॅम मिळतात, आणि ५०० मिलिग्रॅम हवे असतील तर १६ ते १७ ग्रॅम पूड पोटात जायला हवी. जेवणातील हळद आणि अभ्यासांत वापरलेला अर्क यांत हे असे अंतर आहे. दुसरी अडचण शोषणाची. गिळलेले करक्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करते. १९९८ च्या एका अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिले असता रक्तात पोहोचणारे प्रमाण वीस पट वाढल्याचे आढळले, आणि तेव्हापासून अनेक कॅप्सूलमध्ये पायपेरिन घातले जाऊ लागले. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी एका विस्तृत आढाव्यात असे मांडले की करक्युमिनचा रेणू अस्थिर आहे आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांना तो सहज चकवतो, त्यामुळे त्याच्याविषयीचे अनेक उत्साहवर्धक निष्कर्ष फसवे असण्याची शक्यता आहे.

तरीही गुडघ्यांच्या झिजेच्या संधिवातात करक्युमिनची बाजू पूर्ण रिकामी नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३६७ रुग्णांपैकी काहींना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि इतरांना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे वेदनाशामक चार आठवडे दिले गेले. वेदना आणि हालचाल यांबाबत अर्क आयबुप्रोफेनच्या मागे पडला नाही आणि पोटाच्या तक्रारीही त्याच्यामुळे कमी झाल्या. त्या चाचणीत निष्क्रिय गोळी घेणारा तिसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवून हा निकाल वाचावा. माझ्या मते गुडघेदुखीवर, ठरावीक मुदतीपुरता, प्रमाणित अर्क वापरून पाहणे समर्थनीय आहे. इतर दाहांवर तसे म्हणण्याइतका आधार मला दिसत नाही.

सालई या झाडाच्या डिंकातील बॉस्वेलिक आम्ले ५-लिपॉक्सिजिनेज या विकराला अडवतात, म्हणजे ॲस्पिरिनपेक्षा वेगळ्या वाटेने काम करतात. झिजेच्या संधिवातावरील वनस्पतिजन्य औषधांचा २०१४ चा कॉक्रेन आढावा (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) सांगतो की सालईचा समृद्ध अर्क रोज १०० मिलिग्रॅम ९० दिवस घेणाऱ्यांची वेदना ० ते १०० च्या पट्टीवर निष्क्रिय गोळीच्या तुलनेत सुमारे १७ अंकांनी कमी होती. अभ्यास थोडे आहेत, परंतु आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आमवातावर सर्वांत टिकाऊ पुरावा ओमेगा-३ मेदाम्लांचा आहे. ईपीए आणि डीएचए ही दोन मेदाम्ले पेशींच्या आवरणात शिरतात आणि तेथील ॲराकिडोनिक आम्लाची जागा घेतात, त्यामुळे दाह वाढवणाऱ्या द्रव्यांचा कच्चा मालच कमी होतो. हा बदल सावकाश घडतो, म्हणून गुण यायला दोन ते तीन महिने लागतात आणि दोन आठवड्यांत निराश होऊन बाटली बाजूला ठेवणाऱ्याला काहीच मिळत नाही. आमवातात वेदनाशामक गोळ्यांची गरज कमी झाल्याचे ज्या अभ्यासांत दिसले, त्यांत ईपीए आणि डीएचए मिळून रोजची मात्रा साधारण २.७ ग्रॅम किंवा अधिक होती. मूळ औषध चालू ठेवून त्याच्या जोडीला म्हणूनच हे घ्यावे. मासे न खाणाऱ्यांसाठी शैवालापासून काढलेले तेल उपलब्ध असते. जवसाच्या तेलातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असून त्याचा अगदी लहान भागच शरीरात ईपीएमध्ये बदलतो, म्हणून जवसाला या कामी पर्याय समजू नये.

मिरचीतील कॅप्सायसिन खरे तर दाहापेक्षा वेदनेवर काम करते. पेशीवरील ज्या ग्राहीवर, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर, ते बसते त्याचा शोध डेव्हिड जुलियस यांनी लावला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. ०.०२५ ते ०.०७५ टक्क्यांचे मलम गुडघ्यावर किंवा बोटांच्या सांध्यांवर दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन ते चार आठवडे लावावे लागते. अधूनमधून लावल्यास फक्त आग होते, उपयोग होत नाही. लावल्यावर हात साबणाने धुवावेत आणि डोळ्यांना स्पर्श करू नये. ही सूचना प्रत्येक जण वाचतो आणि एकदा तरी विसरतो. आल्याच्या अर्काचा गुण सौम्य आहे, एवढेच सांगून पुढे जातो.

विलोची साल आजही अर्काच्या रूपात मिळते. जुन्या कंबरदुखीच्या २१० रुग्णांवरील एका चाचणीत रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन मिळेल इतका अर्क घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक चौथ्या आठवड्यात निदान पाच दिवस वेदनामुक्त राहिले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. मात्र ज्यांना ॲस्पिरिन चालत नाही त्यांनी ही साल टाळावी आणि मुलांना ती देऊच नये.

नैसर्गिक आणि सौम्य हे समानार्थी नाहीत

कोल्चिकम या फुलझाडापासून मिळणारे कोल्चिसिन गाउटवरचे जुने आणि गुणकारी औषध आहे. मात्र गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत त्याच्याबाबतीत फार थोडे अंतर असते. पूर्वी जुलाब होईपर्यंत ते देत राहण्याची पद्धत होती. २०१० च्या एका चाचणीत एका तासात एकूण १.८ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम घेणाऱ्यांइतकाच आराम पडला आणि जुलाब बरेच कमी झाले. क्लॅरिथ्रोमायसिन हे साधे प्रतिजैविक सोबत घेतल्यास कोल्चिसिन शरीरात साचून मृत्यूही ओढवू शकतो. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घेण्याचे औषध आहे. ट्रिप्टेरिजियम ही चिनी वेल आमवातावर काम करते, हे चाचण्यांत दिसले आहे; ती स्त्री-पुरुष दोघांच्याही प्रजननक्षमतेला बाधा आणते, हेही तितकेच स्पष्ट आहे. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन बराच काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. कॉम्फ्री या वनस्पतीचे मलम मुरगळलेल्या घोट्यावर उपयोगी पडते, पण तिचाच काढा प्यायल्यास यकृताला इजा होते.

करक्युमिनच्या कॅप्सूलमुळेही यकृताला सूज आल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत. ती बहुधा सुरुवातीनंतर एक ते चार महिन्यांत दिसून येतात, पायपेरिनयुक्त कॅप्सूलमध्ये विशेष आढळतात आणि एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार असलेल्यांत त्यांचा धोका अधिक असतो. लघवी गडद होणे, डोळे पिवळे पडणे, अंगाला खाज सुटणे, भूक पार जाणे यांपैकी काहीही जाणवल्यास कॅप्सूल लगेच थांबवून यकृताची तपासणी करावी. पायपेरिन करक्युमिनप्रमाणेच इतर औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवू शकते. फेनिटोइन (अपस्मारावरचे), प्रोप्रानोलॉल (रक्तदाबावरचे) आणि थिओफिलिन (दम्यावरचे) या औषधांबाबत हे दिसून आले आहे. अपस्माराची गोळी घेणाऱ्याने पायपेरिनयुक्त कॅप्सूल घेणे म्हणजे न विचारता आपल्या गोळीची मात्रा वाढवणे होय.

लेबल वाचताना करायचा हिशेब

बाटलीवर ठळक अक्षरांत जे वजन लिहिलेले असते, ते बहुतेकदा कामाच्या घटकाचे नसते. माशाच्या तेलाच्या १००० मिलिग्रॅमच्या सर्वसाधारण कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे मिळून ३०० मिलिग्रॅमच असतात, आणि २.७ ग्रॅमचा पल्ला गाठायला अशा नऊ कॅप्सूल लागतात. तीव्र प्रतीच्या तेलात हीच मात्रा चार-पाच कॅप्सूलमध्ये भागते. माशाचे तेल आणि माशाच्या यकृताचे तेल यांत गल्लत करू नये, कारण यकृताच्या तेलात जीवनसत्त्व अ असते आणि ते इतक्या प्रमाणात घेतल्यास त्याचाच अतिरेक होतो.

वनस्पतीच्या अर्काबाबत वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरला आहे आणि कामाचा घटक किती टक्क्यांपर्यंत प्रमाणित केला आहे, या तीन गोष्टी लेबलवर सापडल्या पाहिजेत. सालईच्या ५०० मिलिग्रॅम अर्कात बॉस्वेलिक आम्ले किती, हे लिहिलेले नसेल तर ती बाटली घेऊ नये. अनेक घटकांचे मिश्रण करून त्याला एक भारदस्त नाव दिलेले असेल आणि प्रत्येकाचे वजन मात्र झाकलेले असेल, तरीही घेऊ नये. जड धातूंची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून झालेली आहे का, हेही पाहावे, कारण हळदीचा रंग खुलवण्यासाठी तिच्यात लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य मिसळल्याची उदाहरणे उघडकीस आलेली आहेत.

भेसळीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो अधिक कावेबाज आहे. सांधेदुखीवरची नैसर्गिक म्हणून विकली जाणारी काही उत्पादने २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासली, तेव्हा त्यांत लेबलवर न लिहिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडले. म्हणून एखाद्या वनस्पतिजन्य कॅप्सूलने दोन-तीन दिवसांत चमत्कार वाटावा इतका आराम पडला, तर आनंदाआधी शंका घ्यावी. अशी कॅप्सूल कित्येक आठवडे घेऊन झाली असेल तर ती एकदम बंद करू नये. स्टेरॉइडमुळे शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल निर्मिती मंदावलेली असते आणि अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी.

प्रत्यक्ष प्रयोग

सुरू करण्याआधीचे दोन आठवडे काहीही न बदलता रोज ठरावीक वेळी वेदनेला ० ते १० पैकी अंक द्यावा, सकाळचा ताठरपणा किती मिनिटे राहिला ते लिहावे आणि त्या दिवशी किती वेदनाशामक गोळ्या लागल्या त्याची नोंद करावी. हा टप्पा कंटाळवाणा असतो, परंतु तो गाळल्यास पुढचे सगळे व्यर्थ जाते. माणूस नवा उपाय शोधतो तो दुखणे शिगेला पोहोचलेले असताना, आणि शिगेला पोहोचलेले दुखणे पुढच्या आठवड्यांत आपोआपच थोडे उतरते. नोंदी नसतील तर त्या उताराचे श्रेय हातातील बाटलीला जाते.

त्यानंतर एका वेळी एकच घटक सुरू करावा. पहिल्या आठवड्यात अर्धी मात्रा घेऊन पोट आणि त्वचा काय म्हणतात ते पाहावे आणि मग पूर्ण मात्रेवर यावे. करक्युमिन आणि ओमेगा-३ मेदयुक्त जेवणासोबत घेतल्यास अधिक शोषले जातात. मुदत आधीच लिहून ठेवावी: करक्युमिनला चार ते आठ आठवडे, सालईला तीन महिने, ओमेगा-३ ला तीन महिने. यशाची व्याख्याही आधीच ठरवावी. वेदनेचा सरासरी अंक सुरुवातीपेक्षा निदान ३० टक्क्यांनी उतरला, म्हणजे ६ वरून ४ च्या आसपास आला, तर गुण आला असे मानावे. या काळात चालू असलेले कोणतेही औषध स्वतःहून कमी करू नये.

मुदत संपल्यावर अंक उतरलेला नसेल तर घटक बंद करावा आणि मात्रा वाढवून पाहण्याचा मोह टाळावा. अंक उतरला असेल तरीही एकदा दोन-तीन आठवडे तो थांबवून पाहावे. ओमेगा-३ शरीरातून सावकाश उतरते, म्हणून त्याला दोन-तीन महिने द्यावेत. दुखणे परतले आणि पुन्हा सुरू केल्यावर ते पुन्हा कमी झाले, तर तो घटक आपल्यावर काम करतो असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. थांबवूनही काही फरक पडला नाही, तर तो घेत राहण्याचे कारण उरत नाही.

वॉर्फरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध घेणाऱ्यांनी, गर्भवती आणि स्तनदा मातांनी, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. पित्ताशयात खडे असल्यास करक्युमिन टाळावे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी अधिक मात्रेतील ओमेगा-३ बाबत विशेष सावध असावे, कारण रोज १ ग्रॅमहून अधिक मात्रेच्या चाचण्यांत एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण वाढलेले दिसले आहे. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूलतज्ज्ञांना या घटकांची आधीच कल्पना द्यावी. साधारणपणे दोन आठवडे आधी ते थांबवण्यास सांगितले जाते. डॉक्टरांकडे जाताना नुसते नाव सांगण्यापेक्षा मूळ बाटली आणि नोंदींची वही सोबत न्यावी, आणि बाटली संपली असली तरी तिचे लेबल त्या वहीत चिकटवून ठेवावे.